सरावाचे पाहुणे

कंडक्टरकाका बसमधून कायमचे उतरले, पण कंडक्टरकी काही त्यांच्या अंगातून उतरली नाही. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी अनोळखी माणूस समोर आला की ओठांवर पहिला प्रश्न तोच, "कुठं जायचंय?" आणि त्याच्यामागे रांग लागल्यासारखे बाकीचे: कुठून आलात, कुणाकडे चाललात, एकटेच का, हाताला पट्टी कसली? जन्मभर त्यांनी माणसांना तिकिटं दिली. कोण कुठं उतरतो ते कळायचं, पण उतरल्यावर त्याचं पुढं काय होतं ते कधीच कळायचं नाही. ही चुटपूट त्यांच्या मनात घर करून बसली होती. काकू म्हणायच्या, "आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, ही म्हण आमच्या ह्यांना बघूनच कुणीतरी केली असणार."

आता भोचक म्हणावं, तर ते विचारलेलं विसरत नसत. सोमवारी तुमची दाढ दुखत असली तर गुरुवारी तुम्हाला गाठून ते दाढेची खबर घेणारच. त्यामुळे लोक वैतागायचेही आणि दोन दिवस दिसले नाहीत तर त्यांची चौकशीही करायचे.

त्यांचा जावई पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होता. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. काकांचा हा ग्रह स्वभावानं अगदी सालस, फक्त एका जागी स्थिर राहणं त्याच्या नशिबात नव्हतं. तो ज्या मोठ्या शहरातल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समूहात, होता तिची रीतच न्यारी. सभागृह भरायला लागलं की बाकीचे लोक मोठं सभागृह बघतात. ही मंडळी मात्र आपल्यातली चार-सहा घरं निवडायची, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि त्यांना दुसऱ्या गावी पाठवून द्यायची. तिथं जाऊन नवीन मंडळी लावायची, वाफ्यातलं रोप उचलून दुसरीकडे लावावं तशी. जाणाऱ्यांनी नोकऱ्या बदलायच्या, मुलांच्या शाळा बदलायच्या, बिऱ्हाड हलवायचं. परत यायचं नाही.

या खेपेला जावयाचा नंबर लागला. गाव कॉलेजचं होतं. "बाबा, तिथं दर वर्षी हजारो माणसं नवी येतात आणि तितकीच निघून जातात," जावई म्हणाला. "कुणी कुणाला ओळखत नाही. अशा गावात पाळकापेक्षा दारात उभा राहणारा माणूस महत्त्वाचा."

झालं! मासा गळाला लागला. काका म्हणाले, "मला प्रवचन जमत नाही. गाणं तर नाहीच नाही, माझा आवाज देवानं फक्त 'पुढे सरका' म्हणायला घडवलाय. पण दार मला द्या." एवढ्या एका दारासाठी त्यांनी राहतं घर सोडलं, डेपोबाहेरच्या बाकावरचे दोस्त सोडले आणि या वयात नव्या गावात येऊन पडले. काकू आधी रडल्या, मग डोळे पुसून भांडी बांधायला बसल्या.

काही महिने सगळे लेकीच्या बैठकीच्या खोलीतच जमत. मग एक हॉल भाड्यानं मिळाला. तिथं एरवी नाचाचे वर्ग चालायचे. चारी भिंतींना आरसे, खाली गुळगुळीत लाकडी जमीन आणि हवेत मोज्यांचा वास. आरशांमुळे मूठभर माणसं जत्रेएवढी दिसत. पहिल्यांदा आत पाऊल टाकताच काका म्हणाले, "पाळकसाहेब, मंडळी तर आधीच वाढली!" पण त्या हॉलमध्ये डोळे उघडे ठेवून प्रार्थना करण्याची सोय नव्हती. जिकडे बघावं तिकडे आपणच आपल्याकडे बघत असायचो.

उद्घाटनाआधी सराव करायचा, हाही मूळ मंडळीचा शिरस्ता. नुसता गाण्याचा सराव नाही, अख्ख्या उपासनेचा. गाणी, बायबलचं वचन, प्रार्थना, चहा, सगळं खऱ्यासारखं. आणि त्यासाठी शहरातून पाहुणे धाडले जायचे, इथल्यांनी कधी न पाहिलेले. प्रत्येकाला एकेक सोंग दिलेलं असायचं. एक उशिरा येणारा, एक फटकळ, एक तोंड न उघडणारा, एक दुःखी. इथल्या लोकांनी त्यांचं स्वागत करायचं, जो मागेल त्याच्यासाठी प्रार्थना करायची. शेवटी सगळ्यांनी गोल बसून पाहुण्यांच्या तोंडून ऐकायचं, काय साधलं आणि कुठं घोडं अडलं.

पहिल्या सरावात घोडं काकांपाशीच अडलं. फटकळ पाहुणीला त्यांनी दारातच विचारलं होतं, लग्न झालं का, मग मूलबाळ, आणि नसेल तर डॉक्टरला दाखवलं का. गोलात बसल्यावर ती बाई म्हणाली, "मी खरी पाहुणी असते तर उंबऱ्यावरूनच परत गेले असते." काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर लेकीनं समजावलं. "बाबा, तीनच वाक्यं. नमस्कार. या. बसा. बाकी हाताची घडी, तोंडावर बोट."

"आणि नाही जमलं तर?"

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. जावई चाचरत म्हणाला, "तर मग... खुर्च्या मांडायलाही भरवशाचा माणूस लागतोच, बाबा."

म्हणजे दार जाणार. काका जेवता जेवता उठले. ज्या दारासाठी गाव सोडलं तेच हातचं जाणार, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या सरावाला ते जिभेला कुलूप लावूनच उभे राहिले. शहरातून पाच जण येणार होते. गाडीतून चार उतरले. "नमस्कार. या. बसा." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण काका हूं का चूं करेनात. गाणं सुरू झालं आणि इतक्यात एक गृहस्थ पायी पायी दारात आले. चष्मा, अंगात जुनं जाकीट आणि पायात चक्क घरातल्या सपाता. दाराशीच थबकून ते म्हणाले, "इथं काही चालू आहे का? मला गाणं ऐकू आलं."

हा पाचवा! काका मनातल्या मनात खूश झाले. वा रे पठ्ठ्या, मुद्दाम गाडी लांब सोडून पायी आला, वर सपाता! पाचवा पाहुणा सकाळीच तापानं अंथरुणाला खिळला होता आणि तसा निरोप लेकीच्या फोनवर न वाचता पडून होता, हे काकांना काय ठाऊक.

"नमस्कार. या. बसा," काका म्हणाले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

प्रार्थनेच्या वेळी त्या गृहस्थांनी हात वर केला, आणि दारावरचा माणूस म्हणून काकाच त्यांच्याजवळ गेले. गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "माझी बायको. वर्ष झालं, अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिची वाचा गेलीय. एक शब्द ऐकायला मिळावा, एवढंच." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. काकांना वाटलं, काय बेमालूम वठवलंय! त्यांनी गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेकीनं पाठ करून घेतलेली प्रार्थना न अडखळता म्हणून टाकली. एक डोळा मिटलेला, दुसरा आरशात. जावई बघतोय ना, हे त्यांना बघायचं होतं. जावई बघत होता आणि मानही डोलावत होता.

शेवटी सगळे गोल बसले. पाहुण्यांनी आपापली सोंगं सांगितली, हशा-टाळ्या झाल्या. जावयानं त्या गृहस्थांना हसून विचारलं, "आणि तुम्हाला काय भूमिका दिली होती?"

"भूमिका?" गृहस्थ म्हणाले.

सगळा हॉल हसला. शहरातल्यांना वाटलं हा इथला, इथल्यांना वाटलं हा शहरातला. सगळ्यात मोठ्यानं काका हसले. दार वाचल्याचा आनंद पोटात मावत नव्हता. "अहो, सोडा की आता! नाटक संपलं!"

गृहस्थ उठले. चारी भिंतींमधून माणसं हसत होती. ते सावकाश म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही खरंच प्रार्थना करत होता." आणि सपाता ओढत निघून गेले.

"कोण हो हे?" शहरातल्या एकीनं विचारलं. "आमच्यातले नाहीत."

लेकीनं फोन उघडून तो निरोप वाचला आणि तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. काका धावत रस्त्यावर गेले, तर रस्ता रिकामा. माणूस शोधायचा कसा? नाव नाही, पत्ता नाही. उभ्या आयुष्यात एकदाच काकांनी काही विचारलं नव्हतं, आणि तेही नेमकं या माणसाला!

घरी जावई भिंतीकडे बघत बसला होता. काकांनी जाऊन विचारलं, "मला एक सांग. मी जी प्रार्थना केली, ती पोचली का?"

"शब्द पाठ केलेले असले म्हणून प्रार्थना खोटी होत नाही, बाबा," तो म्हणाला. "पण आपण समोरचा माणूसच खोटा धरला. त्याचं काय होतं, मला खरंच ठाऊक नाही." पाळकानं असं कबूल केलेलं काकांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना जावई त्या दिवशी जास्तच आवडला.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी गाव पालथं घातलं. चष्मा आणि जाकीट म्हणजे प्राध्यापकच, असं ठरवून प्राध्यापकांच्या वसाहतीत दारोदार फिरले. एकीनं त्यांना पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा समजून दार लावून घेतलं, एकानं मतं मागणारा समजून खड्ड्यांची तक्रार ऐकवली. काका संध्याकाळी पाय चोळत बसले तेव्हा काकू म्हणाल्या, "सपाता घालून माणूस किती लांबून येईल हो?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हॉलखालच्या किराणा दुकानदारानं सपाता म्हणताच ओळखलं. "ते होय! समोरच्याच इमारतीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर. आत्ता कॉलेजात असतील, काचेच्या खोलीत."

काचेची खोली कॉलेजच्या तळघरात होती. प्रयोगशाळांना लागणाऱ्या नळ्या आणि चंबू तिथं बनत, फुटलेले सांधले जात. गृहस्थ निळ्या ज्योतीवर एक नळी फिरवत बसले होते. त्यांनी काकांना ओळखलं, पण नळी तापलेली होती, हात थांबवता येत नव्हता. काका दाराशीच उभे राहिले. काच लालबुंद होऊन वाकायला लागली. ही कशी वाकते, तडकत का नाही, हात भाजत नाही का, असे प्रश्न जिभेवर नाचायला लागले. काकांनी ते सगळे गिळले, कारण ज्या कामासाठी आलो ते वेगळं होतं.

नळी बाजूला ठेवून गृहस्थ म्हणाले, "तुम्ही हसला होता."

"हो. सगळ्यांत मोठ्यानं मीच." काकांनी सराव, सोंगं, न वाचलेला निरोप, सगळं सांगितलं. आपल्याला खुर्च्यांवर धाडणार होते, तेही सांगितलं. गृहस्थांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मला एकच सांगा. माझ्या बायकोसाठी केलीत ती प्रार्थना खरी होती की तोही सराव?"

हो म्हणायला काय जात होतं? पण काकांच्या तोंडून तो शब्द निघेना. "सरावच होता," ते म्हणाले. "माझा एक डोळा आरशात होता. मला माफ करा."

गृहस्थांनी ज्योत बारीक केली. "बरं झालं, खरं सांगितलंत," ते म्हणाले. "वर्षभर सगळे मला गोड गोडच सांगतायत."

मग काकांनी विचारायला सुरुवात केली, आणि या खेपेला कुणाचा धाक नव्हता. वहिनींचं नाव काय, झटका कधी आला, त्यांना कळतं का सगळं? गृहस्थ सांगत गेले. सुरुवातीला काही विचारलं की ती शब्दासाठी इतकी कासावीस व्हायची की बघवत नसे. म्हणून त्यांनी तिला विचारणंच सोडून दिलं. आपणच ठरवायचं, आपणच करायचं. "कितपत कळतं, देव जाणे," ते म्हणाले. "मला खरं तर पुन्हा यायला आवडलं असतं. गाणं बरं वाटलं होतं. पण त्या दिवशी शेजारीण थोडा वेळ बसली होती म्हणून निघता आलं. या रविवारी ती नाही."

"मी बसतो की!" काका म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हा रविवार म्हणजे उद्घाटनाचा रविवार.

घरी सांगितलं तेव्हा लेक रडकुंडीला आली. "बाबा, दार तुमचंच आहे! कुणी नाही काढून घेणार आता."

"दाराला मी उभी राहीन," काकू म्हणाल्या. "मला कुणाला काही विचारायची सवयच नाही. जन्मभर संधीच नाही मिळाली."

सगळे हसले, काकाही हसले. पण त्यांना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. ज्या सकाळसाठी घरदार सोडलं, त्या सकाळी आपण तिथं नसणार.

रविवारी गृहस्थ बूट घालून तयार होते. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निजलेला, केस नीट विंचरलेले, डोळे मात्र टक्क जागे. "ही खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवतो," जाता जाता गृहस्थ म्हणाले. "नाचाच्या वर्गाचं असो की तुमचं, समोरचं गाणं तिला ऐकू यावं म्हणून. तेवढाच विरंगुळा." आणि ते गेले.

काका स्टुलावर बसले. खोलीत शांतता असणं त्यांना सोसत नसे. "चहा घेतलात?" त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मग मान हलली. घेतला. "गोड होता?" नाही. "अगोडच देतात?" हो, आणि तोंड वाकडं. काकांना मजा वाटली. कोण म्हणतं हिला कळत नाही? तुमचं माहेर ह्याच गावचं? नाही. लांबचं? हो. बसनं जावं लागायचं? हो. मग तुम्ही माझ्या बसमध्येही बसला असाल! बाईंच्या तोंडाची एक बाजू हसली.

समोर पहिलं गीत सुरू झालं. लेकीचा आवाज सगळ्यांच्या वर चढत खिडकीतून आत आला. ते उठून खिडकीपाशी गेले आणि मान बाहेर काढून ऐकायला लागले. आनंदानं वळून म्हणाले, "छान गातात ना?"

बाईंनी तोंड भिंतीकडे केलं होतं. ओठ घट्ट मिटलेले.

"गाणं आवडतं ना तुम्हाला?"

मान हलली. नाही.

काकांना वाटलं आपलंच काही चुकतंय. "नाही? मग... खिडकी लावू?"

हो. हो. दोनदा.

काकांचा हात खिडकीच्या कडीवर थांबला. बाहेर त्यांची मंडळी पहिल्यांदा गात होती. अर्धीच लावावी, असं एकदा मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण विचारलं होतं आपणच, आणि उत्तरही स्वच्छ आलं होतं. त्यांनी खिडकी लावली, कडी घातली आणि स्टुलावर येऊन बसले. काही ऐकू येईना. बाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. लांबची बस कुठल्या कुठल्या गावावरून जायची, हे काका त्यांना विचारत बसले, एकेक नाव घेऊन.

गृहस्थ परतले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "तुमच्या मिसेसनी मला पुढं नेऊन बसवलं. पंख्याखाली," असं म्हणता म्हणता त्यांची नजर खिडकीकडे गेली. "अरे, ही कुणी लावली? तिला गाणं..."

"त्यांनीच लावायला सांगितली."

"सांगितली?"

"विचारून बघा," काका म्हणाले. "हो-नाहीत उत्तर येईल असं विचारायचं."

गृहस्थ पलंगाच्या कडेला टेकले. "तुला... गाणी नको होती?"

नको.

"आधीपासूनच?"

हो.

त्यांनी कपाळाला हात लावला. मग घाईघाईनं म्हणाले, "आणि उशी? उशी बरी आहे ना?" नाही. "मी रात्री दिवा ठेवतो तो?" नाही. "मी तुला पेपर वाचून दाखवतो, तो तरी?" बाईंनी जरा विचार केला. हो. गृहस्थ हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, पण ते विचारायचे थांबेनात. पडदा? दुधावरची साय? ती निळी शाल?

इथं आता आपलं काम नाही, हे काकांना कळलं. ते चपला हातात घेऊन हळूच बाहेर पडले आणि जिन्यापाशी आले. मागून गृहस्थांचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"आणि मी? मी असा सारखा तुझ्याजवळ बसलेला... चालतो ना तुला?"

काकांचा पाय पायरीवर थांबला. उत्तराला आवाज नव्हता. मागे जाऊन डोकवावं असं त्यांना फार वाटलं, आणि दार उघडंच होतं. काका जिना उतरून गेले.